कॅरेक्टर शीटवरचा ‘जात’ हा रकाना: ठेवायचा, बदलायचा की खोडायचा?

खंदकाकाठी (धागा सुरू करणारे)

नमस्कार मंडळी. आम्ही सहा जण दर रविवारी दुपारी बेळगावच्या टिळकवाडीत एका मित्राच्या माडीवर डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे प्रत्येकानं एक काल्पनिक पात्र व्हायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी. तिघांच्या घरी मराठी, दोघांच्या घरी कन्नड, एकीच्या घरी दोन्ही. टेबलावर जे आधी तोंडात येईल ते चालतं. नियमांची पुस्तकं इंग्रजीत, त्यामुळे दोघं कायम मागे पडायचे, म्हणून मी कॅरेक्टर शीट, म्हणजे आपल्या पात्राची माहिती भरायचा कागद, मराठीत केली. पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच २०२३च्या जानेवारीत क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झालाय, तेव्हा भाषांतराला कुणाची आडकाठी नव्हती. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण, छाप असे सहा गुण लिहिले. वर नाव, पेशा, लेव्हल. आणि इंग्रजीत जिथे ‘रेस’ होतं तिथे मी ‘जात’ लिहिलं.

मनात काही नव्हतं. आंब्याची जात म्हणतो, भाताची जात म्हणतो, तसं.

गेल्या महिन्यात एक नवीन मुलगी आली, नुकतीच बारावी झालेली. शीट हातात दिली. तिनं नाव लिहिलं, पेशा लिहिला: जादूगार. मग पेन थांबलं. बाकीचे फासे निवडत होते, कुणीतरी कुंद्याचा डबा फिरवत होतं. ती हळूच म्हणाली, “दादा, हे भरायलाच पाहिजे का?” बोट ‘जात’वर होतं.

मी घाईघाईनं सांगितलं, अगं ती नव्हे, ही म्हणजे एल्फ, ड्वार्फ, ऑर्क वगैरे गोष्टीतल्या लोकांची. ती “हां हां” म्हणाली आणि ‘माणूस’ लिहून मोकळी झाली. जाताना जिन्यावर चपला घालताघालता म्हणाली, की खरं तर तिला हाफ-ऑर्क, म्हणजे ऑर्क आणि माणूस यांचं मूल, व्हायचं होतं, पण त्या रकान्यात ते लिहवेना. घरी येऊन उरलेल्या सगळ्या प्रती मी फाडून टाकल्या.

इंग्रजीतही हा वाद जुनाच आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ आणला, तेव्हा ड्वार्फ लढवय्या सहाव्या लेव्हलच्या पुढे जाऊच शकत नव्हता. माणसाला अशी मर्यादा नव्हती. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत ती अट गेली, पण हाफ-ऑर्कला ताकद +२ आणि त्याबरोबर बुद्धी −२, छाप −२ असं जन्मतःच चिकटलं. २००८च्या चौथ्या आवृत्तीत मुख्य पुस्तकातून वजाबाकी गेली, २०१४च्या पाचव्या आवृत्तीतही ती आली नाही, तरी २०१६च्या एका पुरवणी पुस्तकात ऑर्क म्हणून खेळायचं तर बुद्धी −२ होतीच. ती २०२०ला काढली. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या पुस्तकात जन्मानं मिळणारे वाढीव गुण कुठल्याही खात्यात टाकायची मुभा आली. डिसेंबर २०२२ला खेळ छापणाऱ्या कंपनीनं जाहीर केलं की ‘रेस’ हा शब्दच जाणार आणि ‘स्पीशीज’ येणार. २०२४च्या नव्या पुस्तकात तसं झालंही.

तर दोन प्रश्न आहेत. मराठीत त्या रकान्याला काय म्हणायचं? आणि त्याच्या आत काय ठेवायचं? दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो.

निपाणीकर

शब्द बदला, माझी काही हरकत नाही. ‘प्रजाती’ लिहा. पण आतला माल काढू नका.

मी तिसऱ्या आवृत्तीपासून खेळतोय, पुण्याला हॉस्टेलवर शिकलो. त्या वेळी हाफ-ऑर्क जादूगार घेणं म्हणजे डोंगर चढायला घेतल्यासारखं होतं, आणि म्हणूनच तो घेणाऱ्याचं कौतुक वाटायचं. आता कुणीही काहीही घ्या, आकडे तेच. मग ऑर्क घेतला काय नि गनोम घेतला काय, फरक कुठं राहिला? शेवटी सगळी माणसंच, टोप्या तेवढ्या वेगळ्या. मला हे पटत नाही. ज्याला दगडाखालचं पाणी कळतं, जो तीनशे वर्षं जगतो, तो माझ्यासारखा विचार करेलच कसा? ते वेगळेपण अनुभवायला तर मी टेबलावर येतो.

वीसबाजू

आकड्यांबद्दल बोलतो, कारण ‘डोंगर’ नक्की केवढा हे कुणी मोजत नाही.

२०१४च्या नियमांत गुण विकत घेताना जास्तीत जास्त १५ मिळतात. गनोमला बुद्धीत +२, म्हणजे १७, म्हणजे फाशावर पडेल त्यात +३. हाफ-ऑर्कला बुद्धीत काही नाही, १५च राहिले, फाशावर +२. फरक एकाचा. वीस बाजूंच्या फाशावर एक म्हणजे पाच टक्के. वीस वेळा जादू टाकली तर एकदा गनोमची लागेल तिथे ऑर्कची चुकेल. पहिल्या लेव्हलला गनोमची जादू टाळायला समोरच्याला १३ लागतील, हाफ-ऑर्कची टाळायला १२.

पाच टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण ते दर फाशाला, दर रविवारी, वर्षभर लागतात. आणि टेबलावरच्या पाचही जणांना ते दिसतात. “तू ऑर्क घेतलास म्हणून आपण हरलो” हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. मग पुढच्या वेळी जादूगार व्हायचं असलं की पोरं गनोम आणि हाय एल्फच घेतात. निपाणीकर, तुम्ही ज्या वेगळेपणाबद्दल बोलताय ते ह्या आकड्यांनीच मारलं होतं. २०१४च्या नियमांनी खेळताना आमच्याकडे दोन वर्षांत एकही ऑर्क जादूगार झाला नाही.

घटप्रभा

मी शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवते, गोकाककडची. मुलगा खेळतो म्हणून मी बघायला बसायचे, आता स्वतःच खेळते.

‘प्रजाती’ हा शब्द विज्ञानाच्या पुस्तकातला आहे, टेबलावर तो कोरडा पडतो. ‘वंश’ म्हटलं की सूर्यवंश, चंद्रवंश आठवतात, म्हणजे पुन्हा थोर आणि हीन सुरू. ‘कूळ’ छान होता, पण आपल्या भागात कूळ म्हटलं की आधी कूळकायदा आठवतो. अमरकोशात ह्यासाठी एक शब्द आहे, ‘देवयोनी’. तो आज शीटवर छापता येणार नाही हे मला कळतं. पण त्या यादीत कोण आहे बघा: विद्याधर, अप्सरा, यक्ष, राक्षस, गंधर्व, किन्नर, पिशाच, गुह्यक, सिद्ध, भूत. गंधर्व आणि राक्षस एकाच ओळीत, एकाच नावाखाली. कोशकाराला त्यांची चांगले आणि वाईट अशी वाटणी करावीशी वाटली नाही.

आता ह्या खेळातला राक्षस बघा. १९७७च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ ह्या पुस्तकापासून तो आहे: वाघाचं डोकं, उलटे तळवे, माणसाचं मांस खाणारा. २०१४च्या पुस्तकातही तो नियमानं दुष्टच. त्यात बिभीषण होऊच शकत नाही. प्रल्हाद तर दैत्यकुळातला, त्यालाही जागा नाही. आणि आपण बळीप्रतिपदेला “इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो” म्हणतो तो राजा कोण होता? असुर. ज्या घरांत असुराच्या राज्याची वाट बघतात, त्या घरांतल्या पोरांना ‘असुर म्हणजे दुष्ट’ हे आकडेवारीत शिकवायचं, हे मला सहन होत नाही.

एक अजून. हाफ-ऑर्क म्हणजे आपला घटोत्कच. हिडिंबेचा आणि भीमाचा. चौदाव्या दिवसाच्या रात्री युद्ध थांबलं नाही, तेव्हा तोच पुढे झाला, कारण रात्री राक्षसाचं बळ वाढतं. कर्णानं अर्जुनासाठी राखून ठेवलेली शक्ती त्याच्यावर टाकावी लागली. तो पडला तेव्हा पांडव रडले, आणि कृष्ण आनंदानं नाचला. वर म्हणाला, आज कर्णाच्या हातून मेला नसता तर पुढे मलाच ह्याला मारावं लागलं असतं, कारण हा यज्ञांचा आणि ब्राह्मणांचा वैरी. महाभारतातच आहे हे, द्रोणपर्वात. जो आपल्या बाजूनं लढून मेला, त्याचाही हिशेब जन्मावरून झाला. वर्गात हा भाग सांगताना माझा आवाज दर वेळी अडखळतो.

निपाणीकर

घटप्रभाताई, मनापासून वाचलं. घटोत्कचाचं मान्य.

तरीपण माझी अडचण सांगतो. मी आठवडाभर तंबाखूच्या वखारीत असतो. तिथे कोण बरोबर आणि कोण चूक हे ठरवताना डोकं फुटतं. व्यापारी बरोबर, शेतकरीही बरोबर, विडी वळणारी बाईही बरोबर. रविवारी मला एक जागा हवी असते जिथं समोरचा वाईट आहे हे ठरलेलं आहे आणि मी निर्धास्त तलवार काढू शकतो. ऑर्कची टोळी दिसली की घाला. ही गरज खोटी आहे का? प्रत्येक गॉब्लिनला विचारत बसायचं का, बाबा तुझं बालपण कसं गेलं?

गावकुसाबाहेर

मी ह्या मंचावर फक्त वाचतो. आज लिहितो, कारण निपाणीकरांनी प्रामाणिक प्रश्न विचारलाय आणि त्यांना माझ्याकडूनही प्रामाणिक उत्तर मिळावं.

‘टोळी दिसली की घाला’ हे वाक्य आमच्या घरी गोष्टीतलं नाही. आम्ही विमुक्त जमातीतले. १८७१ला इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला, १९११ला तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लावता येईल असा केला. त्यात गुन्हा करावा लागत नव्हता. त्या जमातीत जन्म झाला की पोलिसाच्या वहीत नाव. माझ्या पणज्याला रोज हजेरी द्यावी लागायची, गाव सोडायचं तर पास लागायचा. सोलापूरला, हुबळीला वसाहती होत्या, तारेच्या कुंपणातल्या. स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षं हा कायदा होता, ३१ ऑगस्ट १९५२ला गेला. म्हणून आमच्याकडे तो दिवस पाळतात. कायदा गेला, पण गावात चोरी झाली की पहिला फौजदार कुणाच्या दारात येतो हे सीमाभागातल्या माणसाला मी सांगायला नको.

आता पुस्तक उघडा. एका जमातीचं नाव, खाली ‘स्वभाव: दुष्ट’. मला तो रकाना ओळखीचा वाटला. तो आमच्या नावापुढे लिहिलेला होता, सरकारी शाईत.

दुष्ट माणूस गोष्टीत नको असं मी म्हणत नाही. मलाही तलवार काढायची असते, मी रेंजर खेळतो. पण दरोडा घालायचं ज्यानं ठरवलं, गाव जाळायला जो निघाला, त्याच्यावर काढायची. त्याची टोळी असू दे, झेंडा असू दे, खूण असू दे. बालपण विचारायची गरज नाही. त्यानं काय केलंय एवढं दिसलं की पुरे.

निपाणीकर

काल रात्री वाचलं, लगेच लिहायचं धाडस झालं नाही.

दादा, मी ते वाक्य मागे घेतो. माझ्या चालू कॅम्पेनमध्ये ऑर्कची टोळी होती. आता ती कुणा एका सरदारानं पगारावर ठेवलेली फौज आहे, त्यात ऑर्क आहेत, माणसं आहेत, दोन ड्वार्फसुद्धा. सगळ्यांच्या दंडावर एकच पट्टा. पोरांनी तेवढ्याच जोरात मारलं.

आकड्यांवर मात्र मी माझ्या जागी आहे. देहाचा फरक राहिला पाहिजे.

मलप्रभा

मी खानापूरची. आई मराठी, वडील कन्नड. तुम्ही सगळे ‘रेस’ शब्द गेल्याचा आनंद करताय, त्यात एक गोष्ट हातातून निसटली, तिकडे कुणाचं लक्ष नाही.

२०२४च्या मुख्य पुस्तकात दहा स्पीशीज आहेत. त्यात ऑर्क आला, ह्याचं मला खरंच बरं वाटलं. पण हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क गेले. ‘हाफ’ हा शब्द अपमानकारक आहे म्हणून. शब्द अपमानकारक आहे हे कबूल. पण उपाय काय केला, तर ते लोकच पुस्तकातून काढले. त्याआधी २०२२ला चाचणीसाठी काढलेल्या नियमांत तर म्हणे आई किंवा बाप, दोघांपैकी एकाचे नियम घ्या आणि दिसायला मिश्र आहोत असं समजा.

१ नोव्हेंबर आमच्या घरात कसा जातो सांगू? एका गल्लीत राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे, दुसऱ्या गल्लीत काळ्या फिती. १९५६ला रेघ ओढली गेली, ती आमच्या स्वयंपाकघरातून गेली. लहानपणी दोन्हीकडून एकच प्रश्न यायचा: तू नक्की कुणाची? मी आईशी “काय करूलालीस” म्हणते आणि त्याच दमात दारातल्या पाहुण्याला “बर्री, कुंदर्री” म्हणते. ह्यात अर्धं काय आहे? माझ्याकडे दोन पूर्ण भाषा आहेत. दोन्हीकडच्या आज्ज्या, दोन्हीकडचे सण. ‘एक बाजू निवड आणि दुसरी फक्त चेहऱ्यावर ठेव’ हे मी आयुष्यभर ऐकत आलेय. खेळात ते नियम म्हणून वाचलं तेव्हा पुढे वाचवेना.

पाथफाइंडर ह्या अशाच दुसऱ्या खेळाच्या लोकांनी हे जास्त चांगलं हाताळलंय. २०२३च्या सुधारित पुस्तकात त्यांनी हाफ-एल्फला ‘ऐयुवारिन’ आणि हाफ-ऑर्कला ‘ड्रोमार’ अशी त्यांची स्वतःची नावं दिली, आणि हा वारसा कुठल्याही कुळाला जोडता येतो. म्हणजे ड्वार्फ आई आणि ऑर्क बाप हेही चालतं. नाव मिळालं, जागा राहिली.

त्या मुलीला हाफ-ऑर्क व्हायचं होतं ना? तिला विचारा, तिला दोन्हीकडचं काय काय हवंय.

खंदकाकाठी

मलप्रभा, विचारलं. त्याबद्दल पुढे सांगतो. आधी एक गोष्ट, जी हा धागा वाचतावाचता मला खटकू लागली आणि ज्याबद्दल इंग्रजीत जे बोललं गेलं तेवढ्यानं आपलं भागणार नाही.

२०२४च्या नियमांत वाढीव गुण जन्मातून काढले आणि ‘बॅकग्राउंड’ला, म्हणजे आधीच्या व्यवसायाला जोडले. प्रत्येक व्यवसायाला तीन गुण ठरलेले, त्यांतच वाढ मिळते. शिपाई: ताकद, चपळाई, काटकपणा. विद्वान: काटकपणा, बुद्धी, शहाणपण. शेतकरी: ताकद, काटकपणा, शहाणपण.

बघा शेतकऱ्याकडे. बुद्धी नाही. शेतातून आलेल्या पोरानं जादूगार व्हायचं ठरवलं, तर त्याच्या बुद्धीत पहिल्या लेव्हलला एकाचीही भर नाही. विद्वानाकडे राहिलेल्याला +२. वीसबाजूंचे ते पाच टक्के पुन्हा आले, फक्त रकाना बदलला.

अमेरिकेत व्यवसाय माणूस निवडतो असं धरून हे लिहिलं असावं. आपल्याकडे व्यवसाय कसा ठरत होता? सुताराचा मुलगा सुतार, कुंभाराचा कुंभार, बलुत्याचा हक्कही वारशानं आणि कामही वारशानं. म्हणजे ‘रेस’ काढून ‘व्यवसाय’ घातला की मराठी शीटवर जे उरतं ते जातच. मी ज्या शब्दावरून प्रती फाडल्या, तो शब्द न लिहिताही तिथं राहिला असता.

म्हणून मी रकाना दोन तुकड्यांत केला. पहिला ‘अंगचं’. ह्यात देहाचं जे आहे तेवढंच: अंधारात दिसणं, पंख, विष न बाधणं, दगडातला कंप हाताला कळणं, तीनशे वर्षांचं आयुष्य. निपाणीकर, हे सगळं तुमच्यासाठी राखलंय, आणि ते खेळताना जाणवेल असं ठेवलंय. दुसरा ‘वळण’. कुणी वाढवलं, कुठे, कुठली भाषा ऐकत, कुठलं काम बघत. कसब आणि भाषा ह्यातून येतील. आणि वाढीव गुण ह्या दोन्हींत नाहीत. ते खेळणाऱ्यानं हवे तिथे टाकायचे, कारण एवढ्या लोकांमधून हाच माणूस साहसाला का निघाला ह्याचं उत्तर ते आहेत. बुद्धी आणि स्वभाव जन्माच्या रकान्यात कधीच येणार नाहीत.

वीसबाजू

जमतंय. २०२४च्या डीएमच्या पुस्तकात नवीन बॅकग्राउंड बनवायची सोय आहेच, त्यामुळे नियमही मोडत नाहीत. एकात +२ आणि एकात +१, किंवा तिन्हींत +१, एवढी मर्यादा ठेवा. नाहीतर कुणी एकाच खात्यात सगळं ओतेल.

मिश्र असेल तर ‘अंगचं’मध्ये दोन्हीकडचं एकेक घ्यायला द्या. मी ऑर्क आणि माणूस मोजून बघितलं. ऑर्कचं अंधारात दिसणं आणि माणसाचं एखादं जादा कौशल्य, एवढ्यानं तोल बिघडत नाही. ऑर्कचं ‘मरता मरता एका प्राणावर उभं राहणं’ मात्र जड आहे, ते घेतलं तर दुसरीकडचं लहान घ्या.

निपाणीकर

‘अंगचं’ आणि ‘वळण’ चांगले आहेत, माझ्या आजीच्या तोंडचे शब्द आहेत. दगडातला कंप ठेवलात त्याबद्दल आभार.

एकच सांगा, तीनशे वर्षं जगणारा ड्वार्फ आणि साठ वर्षांचा माणूस एकाच लेव्हलला कसे? हे मला कुठल्याच आवृत्तीत समजलेलं नाही.

घटप्रभा

निपाणीकर, माझ्या शाळेत तीस वर्षं नोकरी केलेले सहकारी आहेत आणि दोन वर्षांपूर्वी लागलेली एक मुलगी आहे. वर्गात कोण जास्त शिकवतं हे वर्षांवरून सांगता येत नाही. ड्वार्फ शंभर वर्षं एकच खाण खणत बसला असेल.

खंदकाकाठी

काल रविवार झाला. नवीन शीट नेली. तिच्यासमोर ठेवली आणि मी बाजूला झालो.

‘अंगचं’मध्ये तिनं लिहिलं: अंधारात दिसतं (बापाकडून). घाट चढून दम लागत नाही (आईकडून, असं तिनं स्वतः ठरवलं, वीसबाजूंना विचारून एक कौशल्य दिलं). ‘वळण’मध्ये चार ओळी झाल्या, जागा पुरली नाही म्हणून मागच्या बाजूला गेली. आजीनं वाढवलं. आजी घाटातून मीठ वर आणून विकणारी. हिशेब तोंडी करायची, त्यातून मुलीला आकड्यांची गोडी लागली, आकड्यांतून जादू. वाढीव +२ तिनं बुद्धीत टाकले, +१ काटकपणात.

भाषेच्या रकान्यात तिनं दोन भाषा लिहिल्या आणि मला विचारलं की ‘कुठली आधी लिहायची?’ मी म्हटलं, तुला वाटेल ती. तिनं दोन्ही एकाच ओळीत लिहिल्या, मध्ये स्वल्पविरामसुद्धा न घालता.

पहिल्याच लढाईत तिला १८ पडले. पट्टेवाली फौज होती, निपाणीकरांकडून उसनी घेतलेली.

शीटची पीडीएफ उद्या इथेच टाकतो. मलप्रभा, कन्नड प्रत तुम्ही कराल का? ‘वळण’ला तिकडं काय म्हणतात ते मला सुचेना.

मलप्रभा

करते. वडिलांना विचारून सांगते.